बुटातला संगणक

गुडघे दुखू लागल्यापासून बुटाची नाडी बांधणे हे माझे सकाळचे सर्वांत अवघड काम झाले आहे. परवा वाकून धडपडत होतो, तेव्हा नातू म्हणाला, "आजोबा, आता आपोआप आवळणारे बूट निघालेत. मोबाईलवर चालतात!" मला वाटले, थट्टा करतोय. पण मास्तरची खोड... माहिती शोधत बसलो.

हा खटाटोप तसा जुनाच निघाला. १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या गणितज्ञांनी रूलेटच्या चक्रावर गोळी कुठे थांबेल याचा अंदाज देणारे छोटे यंत्र बनवले. त्याची बटणे बुटात, पायाच्या अंगठ्याने दाबायची! म्हणजे एवढी विद्वत्ता बुटात शिरली ती जुगारासाठी.

१९८६ साली प्यूमाने धावपटूंसाठी बूट काढला. टाचेतले यंत्र धाव मोजणार आणि घरी आल्यावर बूट वायरने संगणकाला जोडायचा. २००५ साली आदिदासच्या बुटाची टाच पावलागणिक दाब मोजून आपला मऊपणा बदलू लागली. २००६ साली नायकेने बुटातला सेन्सर आयपॉडशी जोडला.

मला सर्वांत भावला तो आपल्याकडचा प्रयत्न. २०१४ साली सिकंदराबादच्या ड्युसेर टेक्नॉलॉजीज या कंपनीने 'लेचल' नावाचे बूट जगासमोर आणले. मूळ कल्पना अंध व्यक्तींसाठी. मोबाईलमधला नकाशा बुटाला खूण करतो. डावीकडे वळायचे तर डावा पाय थरथरतो, उजवीकडे तर उजवा. काठी अडथळा सांगते, बूट दिशा सांगतो आणि कान रहदारीसाठी मोकळे राहतात. किती साधा, माणुसकीचा विचार!

नातू म्हणत होता ते बूट नायकेने २०१९ साली आणले. आत मोटर, ती नाडी आवळते. त्याच वर्षी ॲपच्या एका अपडेटने काहींचे बूट बंद पडले. ऑगस्ट २०२४ मध्ये तर कंपनीने ते ॲपच काढून घेतले. बुटावरची बटणे चालतात म्हणा, पण मोबाईल बदलला की संबंध तुटला.

इथे मी अडखळलो. धावपटूला हे खेळणे असेल. पण ज्याला वाकता येत नाही, ज्याला दिसत नाही, त्याची ती गरज आहे. कंपनीने हात काढून घेतला की त्याने कुणाकडे बघायचे? फाटलेला बूट कोपऱ्यावर शिवून मिळतो. बंद पडलेले ॲप कोण शिवणार?

असो. तूर्त मी बिननाडीचे बूट घेतले आहेत.