दरडोई चहा आणि तुर्कस्तानचा इतिहास

देशोदेशींच्या दरडोई वार्षिक वापराचे तक्ते पाहताना आपण चटकन म्हणून जातो की अमुक लोक चहाबाज, तमुक लोक कॉफीबाज; जणू ही आवड त्यांच्या रक्तातच आहे. चहाच्या तक्त्यात अग्रस्थानी असलेल्या तुर्कस्तानचा इतिहास मात्र निराळेच सांगतो. तेथे माणशी वर्षाला सुमारे 3 किलो चहा लागतो. भारताचा एकूण खप वर्षाला 100 कोटी किलोंच्या पुढे असूनही आपल्याकडे माणशी वाटा एक किलोसुद्धा भरत नाही. आणि हाच तुर्कस्तान शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कॉफीचा देश म्हणून ओळखला जात होता!

सोळाव्या शतकात येमेन उस्मानी साम्राज्यात आले आणि तेथील कॉफीने इस्तंबूल जिंकले. 1550 नंतर लवकरच तेथे कॉफीगृहे निघाली. लोक तेथे जमून राज्यकारभारावर बोलू लागले, हे सत्ताधाऱ्यांना कसे रुचावे? सुलतान चौथा मुराद याने 1633 मध्ये ती बंद करविली. पण बंदी टिकली नाही, कॉफी टिकली. इतकी, की तुर्की भाषेत न्याहारीला ‘कहवाल्टी’ म्हणजे कॉफीच्या आधीचे खाणे हा शब्द रूढ झाला. तपकिरी रंगालाही कॉफीचेच नाव मिळाले.

पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्य मोडले, येमेन हातचे गेले. कॉफी आता परकीय चलन मोजून आणावी लागणार होती. त्याच सुमारास देशाच्या ईशान्य कोपऱ्यात, काळ्या समुद्राकाठच्या रिझे प्रांतात मोठी बेकारी होती. तेथील पुरुष पूर्वी मजुरीसाठी रशियात जात, ती वाट क्रांतीनंतर बंद झाली होती. पाऊस भरपूर, जमीन उताराची. शेजारच्या बातुममध्ये चहा पिकतो, मग येथे का नाही, असा विचार कृषितज्ज्ञ झिहनी देरिन यांनी लावून धरला. 1924 मध्ये त्यासाठी कायदा झाला. प्रारंभी फारसे काही साधले नाही. पुढे जॉर्जियातून बियाणे आणले, 1938 मध्ये पहिली पाने खुडली गेली आणि 1947 मध्ये रिझे येथे पहिला कारखाना उभा राहिला. आसामात गोऱ्या कंपन्यांचे प्रचंड मळे झाले; येथे चहा छोट्या शेतकऱ्यांच्या तुकड्यांवर पिकला आणि सरकारने तो विकत घेतला. ही सरकारी मक्तेदारी 1984 पर्यंत चालली. घरचा चहा स्वस्त, बाहेरची कॉफी महाग. खप त्याप्रमाणे वळला. न्याहारीचे नाव तेवढे कॉफीचे राहिले, पेल्यात चहा आला.

तक्ते वाचताना आणखी एक सावधगिरी हवी. फिनलंडमध्ये माणशी 10 किलोंच्या आसपास कॉफी लागते, म्हणून फिन लोक तुर्कांच्या तिप्पट पेले रिचवतात असे नव्हे. कपभर चहाला दोन ग्रॅम पत्ती पुरते, कॉफीला त्याच्या तिप्पट-चौपट भुकटी लागते. किलोंवरून पेल्यांचा हिशेब करणारे येथेच फसतात.

ज्या पेयावर सारा देश जगतो, त्यावर संकट आले तर काय होते, हे 1986 मध्ये दिसले. चेर्नोबिल अणुभट्टीच्या स्फोटानंतरचा किरणोत्सर्गी पाऊस रिझेच्या मळ्यांवर पडला. चहा निर्धोक आहे असे सांगण्यासाठी एका मंत्र्यांनी छायाचित्रकारांसमोर चहा पिऊन दाखविला. पुढे दूषित ठरलेला हजारो टन चहा बाजूला काढून नष्ट करावा लागला. त्याआधी जो पिऊन झाला होता, त्याची गणना मात्र दरडोई वापरातच झाली.