बाकावर वाचलेल्या कादंबऱ्या

शाळेच्या इमारतीचा, निकालांचा आणि खेळातल्या ढालींचा इतिहास या स्मरणिकेत इतर मित्र लिहीत आहेत. माझ्या वाट्याला आलेला विषय जरा आडवळणाचा आहे. आपण शाळेत कोणत्या कादंबऱ्या वाचल्या आणि वाचून आपल्याला काय वाटले, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. उत्तरपत्रिका रद्दीत गेल्या. आणि त्यांत तरी आपल्याला वाटलेले कुठे होते? त्यांत होते ते गाइडमधले. म्हणून आपल्या १९८६ च्या दहावीच्या तुकडीची आठवण आणि त्या पुस्तकांचा स्वतःचा इतिहास, या दोन्हींच्या आधाराने लिहितो.

मुळात कादंबरी शाळेत आली हेच नवल. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७ ची, विधवांच्या दुःखाविषयीची. सुरुवातीला या प्रकाराला ‘नावल’ म्हणत. पुढे बाणभट्टाच्या संस्कृत ‘कादंबरी’वरून आपला शब्द रूढ झाला. नावले आणि नाटके वाचावीत की नाही यावर त्या काळात मोठमोठे निबंध लिहिले गेले. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केले आणि आठवड्या-आठवड्याने कादंबरी घरात येऊ लागली, तरी शंभर वर्षांनी बीबीत आपले आजोबा म्हणतच होते की कादंबऱ्या वाचून पोट्टे बिघडतात. माझ्या घरी ‘श्यामची आई’ चालत असे, कारण आजोबांच्या मते ती कादंबरी नव्हतीच. समीक्षकांचाही त्यावर एकमत नाही, तेव्हा आजोबा अगदीच चूक नव्हते.

आपल्या भागाची गोष्ट आणखी वेगळी. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांकडे, १९०३ पासून मध्यप्रांताला जोडलेले. बुलढाणा जिल्हा १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली आणि पुढे दापोलीच्या मुलाच्या हातात जे पुस्तक, तेच बीबीच्या मुलाच्या हातात येऊ लागले. यात फायदा होता हे मी मान्य करतो. पण त्या पुस्तकांत नारळी-पोफळी होत्या, पुण्याचे वाडे होते. पऱ्हाटीचे वावर फारसे नव्हते.

तरी आपण वाचले, आणि आपल्या परीने वाचले. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढली. पुस्तक १९३५ साली निघाले. परीक्षेला प्रश्न ठरलेला असे: श्यामच्या आईचे स्वभावचित्र रेखाटा. उत्तरही ठरलेले: प्रेमळ, करारी, संस्कार करणारी. सर ऑफ तासाला कपाटातली प्रत काढून वाचून दाखवत. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई झोडपते तो भाग आला, तेव्हा वर्गाला मारण्याचे काहीच वाटले नाही. मार सगळ्यांच्या ओळखीचा होता. नवल वाटले ते तुडुंब भरलेल्या विहिरीचे. मागून कोणीतरी म्हणाले, “सर, आमच्या विहिरीत उडी मारली तर डोकं फुटंन.” सरांसकट सगळे हसले.

सावकाराचा माणूस तगाद्याला दारात येऊन बसतो तिथे मात्र कोणी हसले नाही. त्या वर्गात निम्म्या घरांना हा माणूस ठाऊक होता. त्याच्यासाठी चहा ठेवायचा की नाही यावरून घरात होणारे भांडण ठाऊक होते. राहते घर कर्जात जाण्याचा भाग संपल्यावर पहिल्या बाकावरच्या एका मैत्रिणीने विचारले, “सर, घर श्यामच्या आईच्या नावावर नव्हतं का?” सर म्हणाले, “त्या काळी बायकांच्या नावावर नसायचं.” ती म्हणाली, “आताही नाही राहत, सर.” तास संपला. गाइडमध्ये या प्रश्नाचे उत्तर नव्हते, कारण तिथे हा प्रश्नच नव्हता. शालेय वाचनाचा इतिहास लिहायचा तर मी या दोन वाक्यांपासून सुरुवात करीन.

‘बनगरवाडी’ही अशीच ऑफ तासाला ऐकली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथे नवखा पोरसवदा मास्तर येतो, बंद पडलेली शाळा सुरू करतो. वाडीतली माणसे आपली गाऱ्हाणी, पत्रे, भांडणे घेऊन त्याच्याकडे येऊ लागतात. शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, माणसे वाडी सोडतात. या पुस्तकाने आपल्यावर केलेला परिणाम परीक्षेत विचारला गेला नाही, आणि विचारला असता तरी लिहिण्याची हिंमत झाली नसती. मास्तरही घाबरतो, त्यालाही गाव परके वाटते, हे आपल्याला प्रथमच कळले. त्यानंतर काही दिवस आपण आपल्या सरांकडे वेगळ्याच नजरेने बघत होतो. बाहेरगावाहून आलेले, भाड्याच्या खोलीत स्टोव्हवर भात शिजवणारे, शनिवारी दुपारी मेहकरच्या एसटीची वाट बघत उभे असणारे सर. ही स्मरणिका गुरुजनांच्याही हाती जाणार आहे, म्हणून सांगतो: त्या आठवड्यात आपल्यापैकी तिघे जण डब्यात भाजी घेऊन त्यांच्या खोलीवर गेले होते. ते माडगूळकरांमुळे.

दुष्काळाचे वर्णन आपल्याला समजावून सांगावे लागले नाही. आपण १९७०-७१ च्या आसपास जन्मलेले. १९७२ आपल्या आयांनी पाठीवर मुले बांधून खडी फोडत काढले. सुकडी आणि लाल मिलो ज्वारी हे शब्द आपल्या घरात कादंबरीच्या आधी होते. तेव्हा वाडी ओस पडते हे ऐकून आपल्या वर्गाने शोक केला नाही, हिशोब केला. एकाने विचारले, “वाडीत पोरंच उरले नाही, मंग मास्तरचा पगार कोण देईन?” मला हा प्रश्न आजही रसग्रहणाच्या कितीतरी उत्तरांहून वरचढ वाटतो.

अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’बद्दल थोडक्यात. १९५९ ची ही कादंबरी अण्णा भाऊंनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे. आपल्या एका मित्राने ती दोन रात्रींत संपवली आणि मग आजोबांना मोठ्याने वाचून दाखवली. परत करताना त्याने एवढेच विचारले, की हे पुस्तक धड्यात का नाही. या पुस्तकाबद्दल त्या कपाटाचे आभार मानायला हवेत. इतर बाबतींत ते कपाट कंजूष होते.

आता भाषेचे. माडगूळकरांची माणसे माणदेशी बोलतात. ती बोली किती गोड, किती अस्सल, असे आपण उत्तरात लिहायचो आणि गुण मिळायचे. त्याच उत्तरात चुकून “आईनं त्याले मारलं” असे आले की खाली लाल रेघ. एका बोलीचे कौतुक करताना आपली बोली पुसून टाकायची, हे आपण इतक्या सवयीने शिकलो की त्यात काही विचित्र आहे हेही लक्षात आले नाही. रेघ मारणाऱ्याला दोष देत नाही. बोर्डाची परीक्षा होती, गुण जाणार होते. पण त्याचा एक परिणाम झाला. वर्गात ज्यांना सांगण्यासारखे सर्वांत जास्त होते तेच सर्वांत गप्प बसले. बोलताना ‘मले’, ‘तुले’ निघेल आणि मुले हसतील, ही धास्ती. काहींनी तोंडी परीक्षेतही “होय” आणि “नाही” यापलीकडे शब्द काढला नाही. त्यांना मंद समजले गेले.

आणि गंमत अशी, की आपण त्या बाकांवर बसलो होतो तेव्हा उद्धव शेळक्यांची ‘धग’ छापून सव्वीस वर्षे झाली होती. १९६० ची कादंबरी. कौतिक नावाची बाई, तिचा शिंपीकाम करणारा नवरा महादेव, आणि कितीही धडपड केली तरी न सुटणारे दारिद्र्य. संवाद सगळे वऱ्हाडीत. ती बोली अमरावतीकडची. आपली लोणार-मेहकर पट्ट्याची भाषा जरा वेगळी, तिच्यात जालन्याकडची झाक आहे. तरी कौतिक बोलू लागली की ती आपल्याच गल्लीतली वाटते. मला हे पुस्तक शाळा सुटल्यावर काही वर्षांनी मिळाले आणि पहिल्यांदा छापील अक्षरांत ‘मले’ वाचताना मी दचकलो होतो. आपल्या कपाटात ते नव्हते. त्यातले एक प्रकरण ऑफ तासाला वाचले गेले असते, तर मागच्या दोन बाकांना तोंड फुटले असते असे माझे ठाम मत आहे.

लेखक म्हणजे दूरचा माणूस, हीही समजूत होतीच. मेहकरात वकिली केलेले कवी ना. घ. देशपांडे यांना ‘खूणगाठी’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार १९८६ चा, म्हणजे आपल्या दहावीच्याच सालचा. आपल्याला पत्ताही नव्हता.

पुढे चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ २००२ साली आली आणि तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकनाथ तनपुरे हा शिकलेला शेतकऱ्याचा मुलगा. मास्तरची नोकरी मिळवायची तर पैसे भरावे लागतात आणि ते नाहीत, म्हणून शेतीत अडकलेला. बायको अलका, भाऊ मधू, म्हातारे आईबाप, नापिकी, कर्ज. जिल्हा आपला, वावरे आपली, तंटे आपले.

मागच्या वर्षी मी माझी प्रत आपल्या तुकडीतल्या एका मित्राला दिली. नाव सांगत नाही. तोंडी परीक्षेत “होय”, “नाही” म्हणणाऱ्यांतला तो. तो आता शेती करतो. आठ दिवसांनी रात्री साडेदहाला त्याचा फोन आला आणि तो पाऊण तास बोलला. एकनाथने कुठे चुकीचे पाऊल टाकले, अलकाचे म्हणणे कसे बरोबर होते, अशा वेळी विहिरीवर पैसा घालणे शहाणपणाचे की वेडेपणाचे, मधूसारखी पोरे आज गावात किती. मध्येच म्हणाला, “ह्या माणसाले आपल्या घरातलं कसं काय माहीत, बाप्पा?” मी पुस्तक परत मागितले तर म्हणाला, आता बायको वाचते आहे, कापूस वेचून झाला की आणून देतो. अजून आलेले नाही.