कडेच्या दगडाची साक्ष

बागेतली वाट कोण बघतो? दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्यात शिरलं की नजर सरळ घुमटाकडे जाते. आज जरा पायाखाली बघू या.

मकबरा पूर्ण झाला १५७० च्या सुमारास. भोवती चारबाग, म्हणजे वाटांनी आणि पाण्याच्या पाटांनी पाडलेले ३६ चौकोन. वाटेच्या कडेला लाल दगडाची किनार. ती नुसती शोभेची नव्हे बरं का! वाटेची भर ढासळू नये आणि वाफ्यातली माती वाटेवर येऊ नये, म्हणून ती.

पुढे पाणी आटलं. मोगलाई ओसरल्यावर इथे भाजीपाला पिकला. १८६० च्या सुमारास इंग्रजी धर्तीचे गोल वाफे आले. १९४७ मध्ये फाळणीच्या निर्वासितांची छावणी पडली. बागेची नासधूस झाली. पण ज्यांचं घरच गेलं, त्यांनी दगडाची किनार जपावी, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

२००३ मध्ये पुऱ्या झालेल्या दुरुस्तीत सुमारे ३,००० ट्रक माती काढली. पाथरवटांनी हाताने दगड घडवले, वाटा पुन्हा बांधल्या. पाटांना उतार किती? ४० मीटरला १ सेंटिमीटर! डोळ्याला दिसत नाही, पाण्याला कळतो.

म्हणून सांगतो, जुन्या बागेत भर टाकून हिरवळ करण्याआधी कडेचा दगड शोधा. मूळ जमीन कुठे होती, हे तोच सांगतो. तो एकदा बुजला की साक्षीदार गेला.