उपवासकाळाची ओवी

१८९३ साली, पुढे मराठी ख्रिस्ती भजने रचणारे कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. आगगाडीत अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. राजनांदगाव तेव्हा संस्थान होते; स्वातंत्र्यानंतर १९७३ पर्यंत ते दुर्ग जिल्ह्यात होते. त्यामुळे मराठी ख्रिस्ती भजनाचा इतिहास दुर्गच्या मराठी माणसाला परका नाही. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात येशूच्या दुःखसहनाचे मनन करतात. ते मनन मराठीत ओवी-अभंगांनीच खऱ्या अर्थाने पेलले, असे माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, ओवी हा मिशनऱ्यांनी धर्मप्रसारासाठी चढवलेला देशी वेष होता. जेझुइट मिशनरी थॉमस स्टीफन्सचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापले गेले, तेव्हा प्रसाराचा हेतू होताच. तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच ग्रंथात एक श्रोता पाद्रीला विचारतो की, आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचायला दुसरे पुराण का देत नाही? म्हणजे ओढ ऐकणाऱ्यांचीही होती. टिळकांना तर वेष चढवण्याची गरजच नव्हती. तुकोबांचा अभंग त्यांच्या अंगात मुरलेला होता. याउलट भाषांतरित ख्रिस्ती गीतांत परक्या चालीसाठी मराठी ऱ्हस्व-दीर्घांची ओढाताण होते आणि चार ओळी संपल्या की गाणे पुढच्या कडव्याकडे धावते. अभंगात प्रत्येक चरणानंतर ध्रुवपद परत येते; एकाने सांगायचे, बाकीच्यांनी झेलायचे. क्रुसाचा तोच प्रसंग पुन्हा पुन्हा मनात घोळवायला याहून योग्य रचना मला दिसत नाही. टाळांच्या गजरात मनन कसले, असेही कोणी म्हणेल. गजर शेवटी चढतो हे खरे, पण तोच अभंग संथ लयीत, नुसत्या एकतारीवरही गाता येतो; लय गाणाऱ्याच्या हाती असते.

या परंपरेचे सारे श्रेय मात्र टिळकांना देणे अन्यायाचे होईल. १९१९ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ सुरुवातीच्या अध्यायांवरच थांबले होते. पुढचे ६४ अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. येशूचे दुःखसहन आणि मरण त्या काव्यात आले आहे ते त्यांच्याच लेखणीतून.