पिवळ्या वायरचा दोष नव्हता

लहानपणी मामाने अमेरिकेतून गेम कन्सोल आणला. जोडला, तर आमच्या रंगीत टीव्हीवर चित्र कृष्णधवल! पिवळी वायर तीनदा बदलली. शेवटी बाबा म्हणाले, "मामाला सांगू नकोस, वाईट वाटेल त्याला."

घोळ खरं तर १९५३ चा. तेव्हा अमेरिकेने एनटीएससी रंगपद्धत स्वीकारली, रंगाची लहर ३.५८ मेगाहर्ट्झ. भारतात १९८२ च्या एशियाडला रंग आले ते जर्मन वॉल्टर ब्रूखच्या पॅलचे, ४.४३ मेगाहर्ट्झ. जुन्या कृष्णधवल संचांवरही चित्र दिसावं, म्हणून दोन्हींत उजेडाच्या सिग्नलवर रंग वेगळा चढवलेला. आमच्या टीव्हीला उजेड कळला, रंग नाही.

परवा मामाला फोनवर हे सगळं सांगितलं. म्हणाला, "अरे, तेव्हाच बोलायचंस ना!"