दोन्हीकडून लिहिलेली वही

दिवाळीत मुरुडला गेलो होतो. माळवदाची डागडुजी चालू होती म्हणून आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, पत्र्याची पेटी खाली काढली. जुन्या पावत्या, दोन पोथ्या, एका काडीचा चष्मा, आणि तळाशी जाड पुठ्ठ्याची एक वही. उघडली तर उर्दू. आबा निजामाच्या राज्यात शिकलेले, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. ठेवून देताना ती उलटी धरली गेली, आणि पाहतो तर त्या बाजूने मराठी! उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे एकाच वहीला दोन पहिली पानं. एका बाजूने शाळेची वही, दुसऱ्या बाजूने आबांची.

उर्दू बाजूला तारीख बहमन १३४६ फसली. मराठी बाजूला मार्गशीर्ष, शके १८५८. म्हणजे दोन्हीकडे १९३६ चा डिसेंबर. आबा तेव्हा चौदा वर्षांचे. मराठी बाजूला चार कविता (बऱ्याच बाळबोध, आबा माफ करा), एका गोष्टीची तीन वेळा केलेली सुरुवात आणि 'बार्शीहून आणणे' अशा मथळ्याखाली पुस्तकांची यादी.

आबा लिहीत होते हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता थोडा इतिहास. पुण्या-मुंबईच्या वाचक मंडळींना हा भाग फारसा माहीत नसतो, म्हणून सांगतो. मुरुड तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात होतं. लातूर जिल्हा फार नंतरचा, १९८२ चा. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. देशी भाषेतून उच्च शिक्षण द्यायचा हा प्रयोग त्या काळात मोठाच होता, हे कबूल करायला हवं. फक्त ती 'देशी भाषा' आमच्या घरातली नव्हती. खालच्या वर्गात मराठी चाले, पण पुढे गणित, इतिहास, भूगोल सगळं उर्दूतून. शाळेला मदरसा, इयत्तेला जमात. खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी, सभा घ्यायची तरी परवानगी. 'गश्ती निशाण त्रेपन्न' हे शब्द आबांच्या पिढीला तोंडपाठ होते.

अशा ठिकाणी चौदा वर्षांच्या पोराला मराठीत लिहायची हौस लागते कुठून? माझा अंदाज, आगगाडीतून. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ साली लातूरपर्यंत आली, मुरुडवरूनच. बार्शी इंग्रजी मुलखात. तिकडे मराठी छापखाने, वाचनालयं, 'किर्लोस्कर'सारखी मासिकं. येताना करोडगिरीचा नाका. कापड, साखर यांच्यावर जकात आणि नको त्या वर्तमानपत्रांवर नजर. १९३८ च्या फेब्रुवारीत आ. कृ. वाघमाऱ्यांनी 'मराठवाडा' पत्र काढलं, त्याला संस्थानात बंदी आली, की ते नाव बदलून निघे. आबांची यादी या गाडीच्या भरवशावर केलेली असणार. यादीतल्या सात नावांपैकी दोनांवर फुली आहे. आली म्हणून की मिळाली नाहीत म्हणून, कुणास ठाऊक.

आबा एकटे नव्हते. सेतुमाधवराव पगडी आपल्या निलंग्याचे, जन्म १९१०. उर्दू-फारसीचा बाऊ न करता ती त्यांनी पचवली आणि पुढे फारसी कागदपत्रांच्या आधारे मराठ्यांचा इतिहास मराठीत लिहिला. बी. रघुनाथ परभणीकडच्या सातोन्याचे, जन्म १९१३. त्यांचं शिक्षण मॅट्रिकवर थांबलं. मग निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी, आणि उरलेल्या वेळात कविता, कथा, कादंबऱ्या. ७ सप्टेंबर १९५३ ला कचेरीतच गेले, वय अवघं चाळीस.

आणि नरहर कुरुंदकर. हे मला सगळ्यांत जवळचे वाटतात, कारण ते परीक्षेत नापास होत. जन्म १९३२, गाव कुरुंदा, शाळा वसमतला. पुढे हैदराबादला मामांकडे. मामा म्हणजे डॉ. ना. गो. नांदापूरकर, उस्मानियात मराठीचे प्राध्यापक. घरात पुस्तकं, बाहेर ग्रंथालयं, आणि हा मुलगा अभ्यासक्रम सोडून बाकी सगळं वाचतोय! इंटरला अडकले. पदवी नव्हती तेव्हा नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते. पुढे पीपल्स कॉलेजचे प्राध्यापक आणि शेवटी प्राचार्य. आमच्या शाळकरी काळात ते व्याख्यानांसाठी मराठवाडाभर फिरत. १९८२ च्या फेब्रुवारीत औरंगाबादच्या कार्यक्रमात बोलता बोलताच ते गेले, तेव्हा मी नुकताच कॉलेजात गेलो होतो. 'इंटर नापास माणूससुद्धा लेखक होतो' हे वाक्य मी घरी इतक्यांदा वापरलं, की वडिलांनी एकदा उठून चप्पल शोधली होती.

माझ्या शाळेच्या वेळी उर्दूची सक्ती जाऊन पाव शतक उलटलं होतं. सगळं मराठीतच. पण गंमत बघा, माझ्या पहिल्या निबंधात मी लिहिलं होतं, 'पाऊस पडायलाय आणि माय चुलीम्होरं बसलीय'. एका गुरुजींनी त्यावर लाल रेघ ओढली आणि वर्गात वाचून दाखवलं. वर्ग हसला. सगळे त्याच बोलीतले, तरी हसले. नंतर मी 'पर्जन्यधारा कोसळत होत्या' असं लिहायला शिकलो आणि माझा तालुक्यात नंबर आला. त्या पर्जन्यधारांनी माझं बरंच नुकसान केलं. पुढची दहा वर्षं माझ्या कुठल्याच गोष्टीत साधा पाऊस पडला नाही.

लिहायचं कशासाठी, याचं खरं उत्तर द्यायचं तर नाव छापून यावं म्हणून. दुसरं काही नाही. नववीत असताना पुण्याच्या मासिकांना गोष्टी पाठवायचो. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडावं लागे. ते पाकीट महिन्या-दोन महिन्यांनी इमानदारीत परत येई. तिकिटांसाठी आबांकडे पैसे मागायचो, कधी कंपासपेटीचे म्हणून, कधी नकाशाचे म्हणून. ओट्यावर लिहीत बसलो की आबा विचारायचे, "काय लिहायलास?" मी म्हणायचो, "अभ्यास." ते म्हणायचे, "अक्षर नीट काढ." संपलं संभाषण.

१९८९ साली आबा गेले. तोवर माझ्या दोन गोष्टी छापून आल्या होत्या. त्यांनी त्या वाचल्या का, हे मी विचारलं नाही. आज त्याची रुखरुख आहे.

वही घेऊन आत्याकडे गेलो. तिला आता नीट दिसत नाही. तिने वहीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "लिहायचे म्हणून ठाऊक न्हाई बाबा. पर तुझी पाकिटं माघारी यायची ना, ती पोस्टमन आबाच्याच हातात द्यायचा. आबा ती गुपचूप तुझ्या दप्तरात ठेवायचे. म्हणायचे, पोराला सगळ्यांम्होरं देऊ नका."

मला इतकी वर्षं वाटत होतं, ती पाकिटं आई ठेवते.

मराठी बाजू वाचून झाली. उर्दूतली पहिली पानं लातूरच्या एका मित्राने वाचून दिली. त्याज्याचे हिशेब आणि सुट्टीच्या अर्जांचे मसुदे. पण शेवटची चार पानं शाळेची नाहीत, ओळी तोकड्या आहेत, असं तो म्हणतो. अक्षर पुसट झालंय. झेरॉक्स काढून नांदेडला एका जाणकारांकडे पाठवली आहे. कळलं की लिहीन.