भीमाकाठच्या यादव्या आणि कुलपातले लेख



मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे दीड-दोन महिने वाचन-लेखन बंद होते. आता चष्मा आला, म्हणून पुन्हा बसलो आहे.

परवा एक जुना विद्यार्थी घरी आला. पुणे-नगर रस्त्यावर त्याचे दुकान आहे. चहा झाल्यावर म्हणाला, "सर, माझ्या पोरानं विचारलं, आपल्या गावच्या लढाईत कोण कोणाच्या बाजूनं होतं? मोबाईलवर चार प्रकारचं आलंय, चारीही वेगळं. तुम्ही शाळेत काय शिकवलं होतं तेवढं सांगा, मला आठवत नाही."

त्याला आठवणार कसे? मी शिकवलेच नव्हते. कोरेगाव भीमात राहून तीस-बत्तीस वर्षे इतिहास शिकवला. पुस्तकात एक ओळ होती, ती वाचून पुढच्या धड्याला जात असे. विषय नाजूक, वर्गात सगळ्या आळ्यांतली मुले, कशाला उगाच, असे वाटायचे. १ जानेवारी २०१८ ला गावात आणि आसपास दगडफेक झाली, दुकाने-गाड्या जळाल्या, एका तरुण मुलाचा जीव गेला. त्या दिवशी घराचे दार लावून आत बसलो असताना ती एक ओळ मला फार टोचली. तेव्हापासून सुचेल तसे वाचतो आहे. त्या वाचनाचा हा हिशेब.

आपल्या भाषेत गृहयुद्धाला फार नेमका शब्द आहे, यादवी. यादव आपसांत लढून संपले, त्यावरून आलेला. आपल्या या भीमेच्या टापूने शंभर वर्षांत किती यादव्या पाहिल्या हे मोजले तर थक्क व्हायला होते. १७०७ च्या ऑक्टोबरात वर खेडला, म्हणजे आजच्या राजगुरुनगरला, शाहू आणि ताराबाई यांच्या फौजा समोरासमोर आल्या आणि धनाजी जाधव शाहूंना मिळाले. १७६२ च्या नोव्हेंबरात घोडनदीवर आणि मग भीमाकाठच्या आळेगावला चुलता-पुतण्या लढले, राघोबादादा आणि माधवराव पेशवे. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाला, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी वसईला इंग्रजांशी तह करून बसला. त्यानंतर पंधरा वर्षांनी आमच्या गावची लढाई.

आळेगावचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. पानिपताला दोन वर्षेही झाली नव्हती. माधवराव सतरा वर्षांचे. दादांनी निजामाची कुमक घेतली. राज्य फुटू नये म्हणून पुतण्या स्वतःहून चुलत्याच्या छावणीत गेला. पण दादांनी सूड उगवला. गोपाळराव पटवर्धनांची मिरज घेतली, तेव्हा पटवर्धन रागाने निजामाकडे गेले. १७६३ मध्ये निजामाने पुणे लुटले-जाळले. शेवटी ऑगस्टात राक्षसभुवनला चुलता-पुतणे एकत्र लढले तेव्हा कुठे निभावले. घरचे भांडण, बाहेरची कुमक, आणि आगीत पुणेकरांची घरे!

हे आज आपल्याला कळते कशावरून? पत्रांवरून. आणि ती पत्रे छापली कोणी? मिरजेच्या हायस्कुलातल्या एका संस्कृत शिक्षकाने, वासुदेवशास्त्री खरे यांनी. शाळा सांभाळून पटवर्धनांच्या दप्तरातले कागद ते वाचत, उतरवत आणि 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून छापत. १८९७ च्या सुमारास सुरुवात केली. १९२४ साली ते गेले तोवर डझनभर खंड झाले होते. मी पण शिक्षकच होतो, पण माझ्या हातून काय झाले हे वर लिहिलेच आहे. असो.

त्याआधी आपला इतिहास इंग्रजांनी छापला. साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफचा ग्रंथ १८२६ मध्ये लंडनला निघाला. लवकरच मराठीत भाषांतरही झाले, आणि पुष्कळ वर्षे तोच शेवटचा शब्द. १८६७ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने पुण्यात निबंध वाचून त्या ग्रंथातल्या चुका दाखवल्या. पुढे राजवाडे आले आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. मंडळाच्या पाक्षिक सभेत निबंध वाचायचा, जाणकारांनी तोंडावर शंका विचारायच्या, मग तो छापायचा. सगळे मराठीत. सरकारी कुलपातले पेशवे दप्तर उघडायला मात्र १९३० साल उजाडावे लागले. रियासतकार सरदेसायांनी त्यातले निवडक कागद ४५ खंडांत काढले.

आता जगाकडे पाहू. यादवीचा अभ्यास हे आज एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे. १९५७ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात संघर्षांच्या सोडवणुकीवरचे एक नियतकालिक निघाले, १९६४ मध्ये ऑस्लोत योहान गाल्टुंग यांनी शांतता संशोधनाचे काढले. १९९८ पासून तर निव्वळ गृहयुद्धांना वाहिलेले नियतकालिक आहे. पद्धत अशी की लेख आला की तो त्याच विषयातल्या दोन-तीन तज्ज्ञांकडे जातो. बहुधा लेखकाला त्यांची नावे कळत नाहीत. त्यांनी काढलेल्या चुका दुरुस्त झाल्या तरच लेख छापायचा. पाक्षिक सभेचेच काम, फक्त पडद्याआडून.

या मंडळींनी युद्धे मोजायलाही घेतली. मिशिगनच्या यादीत युद्ध म्हणून नाव यायला वर्षाला लढाईत १००० मृत्यू लागतात, आणि ती यादी १८१६ पासूनच सुरू होते. म्हणजे खेड, आळेगाव, हडपसर सगळे बाहेर! स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाची मर्यादा बरीच खाली आहे, २५ मृत्यू. मोजायचे तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मला पटते. पण आमच्याकडे २०१८ ला गेलेला जीव एक. तो कुठल्याच यादीत बसणार नाही, आणि गावाला मात्र तो एकच पुरला.

त्या अभ्यासातून निघालेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. फीरन आणि लेटिन या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी १९४५ नंतरची गृहयुद्धे तपासून २००३ मध्ये लेख छापला. एका देशात अनेक जमाती-धर्म आहेत एवढ्यानेच यादवी होते, असे त्यांना दिसले नाही. गरिबी, दुबळे सरकार, लपायला डोंगराळ मुलूख, या गोष्टी जास्त कारणीभूत दिसल्या. पुढच्याच वर्षी कोलियर आणि होफ्लर यांनी मांडले की तक्रारी तर सगळीकडेच असतात, बंड पेटते ते त्याला पैसा आणि संधी मिळते तिथे. इतर विद्वानांनी यावर सडकून टीका केली, माणसाचा अपमान आणि अन्याय असा आकड्यात मावत नाही म्हणून. दोन्ही बाजू छापल्या गेल्या, हे महत्त्वाचे. राघोबादादांची तक्रार जुनीच होती. निजामाची कुमक आली तेव्हा तिची लढाई झाली.

आता आमची लढाई. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून सुमारे ८०० माणसे आणि दोन तोफा घेऊन निघाला. सकाळी नदीपलीकडे बाजीरावाची विसेक हजारांहून मोठी फौज दिसली, तेव्हा तो गावात शिरला. पेशव्यांकडून प्रत्यक्ष गावात लढायला उतरले ते अरब, गोसावी वगैरे पायदळ, दोनेक हजारांच्या आत. दिवसभर गल्लीबोळांत लढाई झाली. कंपनीची पावणेतीनशे माणसे मेली, जखमी झाली किंवा हरवली. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली. १८२१ मध्ये स्तंभाचा पाया घातला गेला. (तो कोरेगावचा म्हणतात, पण उभा आहे नदीपलीकडे पेरण्यात.) त्यावरच्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ती महार सैनिकांची. इतर जातीधर्मांचीही नावे आहेत.

या स्तंभावर श्रद्धा कुंभोजकर यांचा एक इंग्रजी लेख २०१२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये आला होता. मला समजले ते असे. इंग्रजांनी स्तंभ उभारला आपल्या सत्तेची फुशारकी म्हणून. पुढे तेच तो विसरले. १८९० च्या दशकात त्यांनी महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा पूर्वजांचा पराक्रम दाखवून अर्ज करणाऱ्यांसाठी तो पुरावा झाला. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे आले आणि त्याचा अर्थच बदलला. दगड एक, पण आठवणी दोन. कुठलीही आठवण खोटी न ठरवता हे सांगता येते, हे मला त्या लेखाने शिकवले.

पण तारखा बघा. लेख २०१२ चा, दंगल २०१८ ची. मधल्या सहा वर्षांत आमच्या गावात तो किती जणांनी वाचला असेल? मी तरी नाही. २०१८ नंतर पुण्याच्या नातीने छापून आणला तेव्हा शब्दकोश घेऊन आठवडाभर बसलो. आणखी एका लेखाचा पत्ता लागला, तर परदेशी नियतकालिकाने एका लेखाचे इतके डॉलर मागितले की नात म्हणाली, "आबा, एवढ्यात तुमचा नवा चष्मा होईल!" आमच्या नदीविषयी, आमच्या पूर्वजांविषयी विद्वान लिहितात, विद्वान तपासतात, विद्वानच वाचतात. मोबाईलवरचा खोटा मजकूर मात्र फुकट, मराठीत, आणि थेट उशाशी. मग पोरांनी काय वाचावे?

विद्वानांना दोष देऊन मी सुटत नाही. त्यांनी त्यांचे काम केले. तो लेख गावापर्यंत आणणारा मधला माणूस म्हणजे शाळामास्तर, आणि तो एक ओळ वाचून पुढच्या धड्याला गेला होता.

विद्यार्थ्याला त्या दिवशी म्हटले, रविवारी पोराला घेऊन ये. वहीची चार पाने मराठीत लिहून ठेवली. कोण कोणाच्या बाजूने होते, कशासाठी होते, नक्की काय ठाऊक आहे. पोरगा आला, सोबत वर्गातले दोन मित्र घेऊन. एक वरच्या आळीतला, एक खालच्या. तिघांना एकदमच वाचून दाखवले. माझा आवाज जरा कापत होता, खोटे कशाला सांगू. शेवटी खालच्या आळीतल्या मुलाने विचारले, "मग सर, हे पुस्तकात का नाही?"

उत्तर देता आले नाही. पुढच्या रविवारी या म्हटले. आळेगावची पाने लिहायला घेतली आहेत.